दुसऱ्यांची गाणी

मार्च महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी ओनोदेरा-सानचा फोन आला तेव्हा श्यामकांत खांबेटे बाल्कनीत बसून प्लास्टिकचा कचरा वेगळा काढत होते. ओनोदेरा-सान सहसा फोन करत नसत. सेंदाईच्या बाजारपेठेत, एका इमारतीच्या तळघरात त्यांचं चाळीस खुर्च्यांचं गाण्याबजावण्याचं ठिकाण होतं. तिथे ब्लूज वाजायचं, दुसरं काही नाही. श्यामकांत आणि त्यांचा मुलगा केन, दोघंही तिथे वर्षानुवर्षं जात आले होते.

"केनची गिटार आली आहे," ओनोदेरा-सान म्हणाले. "कुरिअरनं. चिठ्ठी नाही."

"आणि केन?"

"तो नाही. नुसती गिटार."

श्यामकांत तसेच उठून बसनं गेले. ओनोदेरा-साननी पेटी उघडून ठेवली होती. आत ती पत्र्याच्या अंगाची जुनी गिटार होती. केननं एकोणिसाव्या वर्षी वर्षभर कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, अर्धवेळ काम करून ती घेतली होती आणि त्यानंतर कधी कुणाला हातात धरू दिली नव्हती. तारा सैल करून ठेवल्या होत्या. लांबच्या प्रवासाला किंवा फार दिवस ठेवून द्यायची असली की करतात तशा. तारांवर घासायची काचेची नळीसुद्धा रुमालात गुंडाळून आत ठेवली होती.

"भांडण झालंय का तुमचं?" ओनोदेरा-साननी विचारलं.

"भांडायला बोलावं लागतं," श्यामकांत म्हणाले. हे त्यांनी मराठीत म्हटलं, स्वतःशीच.

श्यामकांत १९८४ साली पुण्याहून सेंदाईला आले ते धातूंवर संशोधन करायला. दोन वर्षांसाठी आले आणि राहिलेच. येताना सोबत कपड्यांच्या दोन बॅगा होत्या आणि चपलांच्या एका खोक्यात एकवीस कॅसेट. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर ते रॉक संगीताचे वेडे होते. खोलीच्या भिंतींवर केसाळ गोऱ्या गायकांची चित्रं असायची. यतीन नावाच्या एका सीनियरनं एकदा ती चित्रं बघून म्हटलं, "खांबेटे, तू पानं चघळतोयस. मूळ वेगळंच आहे." आणि त्यानं एक कॅसेट लावली. खरखर, त्या खरखरीच्या आत एक माणूस आणि एक गिटार. आवाज विहिरीतून आल्यासारखा. माणूस एक ओळ म्हणायचा, तीच पुन्हा म्हणायचा, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचा. मधेच सूर वाकायचा, धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतात राबलेल्या, तुरुंगात दगड फोडलेल्या काळ्या लोकांची ही गाणी आहेत, ह्याला ब्लूज म्हणतात, आणि तू ऐकतोस ते सगळं ह्यातून निघालंय, असं यतीननं सांगितलं. श्यामकांतांचं त्या दिवशी मेसचं जेवण राहिलं. पुढच्या चाळीस वर्षांत त्यांनी दुसरं काही फारसं ऐकलं नाही.

सेंदाईतल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात तेव्हा नुसती चैन होती. जपानी कंपन्यांनी काढलेल्या रेकॉर्डमध्ये गाण्यांचे शब्द छापलेला कागद असायचा. अशाच एका कागदावरच्या इंग्रजी ओळीवरून तिथे आलेल्या सायोकोशी त्यांचं बोलणं सुरू झालं. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. दोन वर्षांनी लग्न झालं, १९८७ मध्ये केन झाला.

केन तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. सायोको त्याच्याशी जपानीत बोलायची, श्यामकांत मराठीत. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मुलाचा गोंधळ होतोय, घरात एकच भाषा ठेवा. आज असं कुणी सांगणार नाही. तेव्हा सांगितलं, आणि ह्या दोघांनी ऐकलं. श्यामकांतांनी त्या दिवसापासून मुलाशी मराठी बोलणं बंद केलं. काही महिन्यांत केन बोलायला लागला, घडाघडा, जपानीत. सगळ्यांना आनंद झाला. श्यामकांतांनाही झाला. पण प्रयोगशाळेतलं सगळं काम इंग्रजीत, घरातलं सगळं सायोको बघणार, त्यामुळे त्यांची स्वतःची जपानी स्टेशन, दुकान आणि हवापाणी ह्यापलीकडे कधी गेली नाही. मुलाला ताप आला तर ते विचारू शकत, दुखतंय का? कुठे? कसं दुखतंय, हे केन सांगायचा ते त्यांना कळायचं नाही. मग सायोको मध्ये पडायची.

केन सहा वर्षांचा असताना एका रविवारी श्यामकांतांनी रेकॉर्ड लावली होती. जमिनीवर गाड्या खेळत बसलेला केन उठून स्पीकरपाशी गेला आणि त्यानं विचारलं, "तोसान, हा माणूस बोलतोय की गिटार?"

तोसान म्हणजे बाबा. हा प्रश्न श्यामकांतांना एका दमात समजला.

तिथून पुढे बाप-लेकाचं सुरू झालं. नकाशावर मिसिसिपी नदी शोधायची. काचेची बाटली तारेवर घासली की सूर कसा रडतो ते बघायचं. गाण्यांच्या कागदावरचे शब्द एकेक करून लावायचे. केनची इंग्रजी अशी त्या कागदांवरून तयार झाली, त्यामुळे ती विचित्र होती. त्याला तुरुंग, पूर, मालगाडी आणि शिवी ह्यांचे शब्द येत, पण दही मागता येत नसे. दोघांचा एक खेळ होता, गाण्याच्या चालीवर तीन ओळींत बोलायचं. जेवायला बसल्यावर केन मोडक्यातोडक्या इंग्रजीत सुरू करायचा:

आज भाजीत गाजर आहे, मला नको गाजर,
सांगतो ऐक, आज भाजीत गाजर आहे, मला नको गाजर,
येऊ दे एकदा गाडी, मी निघालोच इथून.

सायोको हसून म्हणायची, "तुम्ही दोघं आता कापूस वेचायला जा." तिला हे संगीत फारसं आवडत नसे. तिनं कधी तसं म्हटलं नाही. स्वयंपाक करताना ती आपली गाणी गुणगुणायची, आणि बैठकीच्या खोलीत रेकॉर्ड चालू असल्यामुळे ती कुणाला ऐकू यायची नाहीत.

केनचा हात चांगला होता. चांगला म्हणजे, ओनोदेरा-सानसारख्या माणसानं, केन पंधरा वर्षांचा असताना, त्याचं वादन ऐकून सिगारेट विझवली होती. विशीत तो टोकियोला गेला, कोएन्जीला एका खोलीत राहिला, दिवसा कोन्बिनीत काम, संध्याकाळी वादन. दोन अल्बम काढले. ऐकणारे होते, थोडे. श्यामकांतांनी दोन्ही अल्बमच्या प्रती प्रयोगशाळेत वाटल्या.

२०११च्या त्सुनामीनंतर केन गिटार घेऊन किनाऱ्यावरच्या एका शाळेत गेला होता. घरं वाहून गेलेली माणसं तिथल्या क्रीडागृहात राहत होती. त्यानं दोन गाणी वाजवली. मग एक म्हातारा कोळी उठून त्याच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "तुझे आभार. पण रडायला आमचं आमच्याकडे पुरेसं आहे." लोकांना रेडिओवरची जुनी जपानी गाणी हवी होती, लहान मुलांची गाणी हवी होती. केनला ती येत नव्हती. दुसरा एक मुलगा येऊन ती वाजवून गेला. हे केननं आईला सांगितलं, आईनं श्यामकांतांना इंग्रजीत सांगितलं. श्यामकांत म्हणाले, "त्यांना ब्लूज कळलं नाही."

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये सायोको कर्करोगानं गेली. त्यानंतर घरात दोघांमध्ये पडायला कुणी उरलं नाही. रविवारी सकाळी केनचा फोन यायचा. ज्यांना एकमेकांना धड 'कसा आहेस' विचारता येत नव्हतं ते बाप-लेक त्या गाण्यांच्या इंग्रजीत पाऊण तास एका रेकॉर्डवर बोलत. चौथ्या कडव्यानंतर तो तार कशी ओढतो, ऐकलंस का? ऐकलं. दोन माणसं वाजवतायत की एकच? एकच, अंगठ्याकडे लक्ष दे. तेवढ्यानं श्यामकांतांचा आठवडा निघायचा.

२०२३च्या शरदात केन तीन महिन्यांसाठी मिसिसिपीला गेला. लहानपणी नकाशावर बोट ठेवलेली गावं त्याला बघायची होती, तिथे वाजवायचं होतं. तो तीन आठवड्यांत परतला. फोनवर म्हणाला, दमलो. मग रविवारचे फोन थांबले. मेसेज यायचे, दोन शब्दांचे. बरा आहे. कामात आहे. आणि मार्चमध्ये गिटार आली.

गिटार आल्यानंतर दहा दिवसांनी नंदकिशोरचा फोन आला. नंदकिशोर एके काळी सेंदाईत शिकायला होता. तेव्हा तो दर शनिवारी खांबेट्यांकडे वरणभात जेवायला यायचा. आता तो टोकियोत एका बँकेच्या आयटी प्रोजेक्टवर होता आणि बायकोमुलींसह जवळच्याच ग्योतोकूला राहत होता.

"सर, केन इथे ग्योतोकूत शिफ्ट झालाय का? मला तो दोनदा सुपरमार्केटमध्ये दिसला. आमच्या सोसायटीतले एक जण त्याच्याशी हिंदीत बोलायला गेले. त्यांना वाटलं, आपलाच माणूस. तो नुसता मान झुकवून निघून गेला."

"केन तर कोएन्जीला राहतो," श्यामकांत म्हणाले.

"सर, त्याच्या अंगावर गोदामाचं जॅकेट होतं. समुद्राकडे ती पार्सलची मोठी गोदामं आहेत ना, तिथलं."

एप्रिलच्या पहिल्या रविवारी श्यामकांत सकाळच्या शिन्कान्सेन बुलेट ट्रेननं टोकियोला आणि तिथून तोझाई लाइननं ग्योतोकूला गेले. केनला त्यांनी आदल्या दिवशी मेसेज केला होता. 'येतोय.' उत्तर आलं होतं, 'दोन वाजता ड्यूटी आहे. त्याआधी.' नंदकिशोर स्टेशनवर न्यायला आला. त्याच्या बायकोनं, कल्पनानं, जेवायला बोलावलं आहे, पण आधी केनकडे जाऊन येऊ, असं ठरलं. घर सापडावं म्हणून नंदकिशोर सोबत आला. तो दारातूनच परत जाणार होता. केननंच त्याला आत बोलावलं.

एकच खोली होती. गादी गुंडाळून ठेवलेली, एक टेबल, एक भात शिजवायचं यंत्र. रेकॉर्ड नाहीत, स्पीकर नाहीत. केननं बाटलीतला चहा तीन पेल्यांत ओतला. श्यामकांतांची नजर त्याच्या हातांवर गेली. तारा छेडायला वाढवलेली उजव्या हाताची नखं कापून टाकली होती. डाव्या हाताच्या बोटांना पट्टी चिकटवलेली होती, खोक्यांच्या कडांनी कापलं असावं.

काय बोलावं हे श्यामकांतांनी गाडीत ठरवलं होतं. समोर बसल्यावर त्यातलं काही आठवेना. मग त्यांनी त्यांना येत होतं ते सुरू केलं. "केन, मला एक रेकॉर्ड मिळाली आहे. फार जुनी. एका बाजूला..."

"तोसान, थांब," केन म्हणाला.

ते थांबले.

केन बोलायला लागला. आधी दोन वाक्यं सावकाश, मग भराभर. श्यामकांतांनी हात वर केला, "हळू. हळू बोल." केननं त्यांच्याकडे बघितलं. मग तो नंदकिशोरकडे वळला आणि म्हणाला, "तुम्ही सांगा त्यांना. प्लीज."

त्यानंतर तो पाच-सहा मिनिटं बोलत होता, सगळं नंदकिशोरकडे बघून. आवाज चढवला नाही. एखाद्या ऑफिसात घडलेली हकिकत सांगावी तसा बोलला. श्यामकांत शब्द वेचत होते. आई. गाणं. माहीत नव्हतं. म्हातारी बाई. पुन्हा आई. नंदकिशोरनं एकदा मान खाली घातली ती वर केलीच नाही.

केन बोलायचा थांबला.

"काय म्हणाला?" श्यामकांतांनी विचारलं.

"सर, तो म्हणतोय..." नंदकिशोर अडखळला. "तिकडे अमेरिकेत त्याला बरं वाटलं नाही. आता थोडे दिवस म्युझिकपासून ब्रेक हवाय. तुम्ही काळजी करू नका म्हणाला."

"एवढंच?"

"हो, म्हणजे, साधारण हेच."

"आईबद्दल काय म्हणाला?"

"आठवण येते म्हणाला."

केनला मराठी समजत नव्हती. पण किती कमी बोललं गेलं हे त्याला समजलं असावं. तो किंचित हसला, उठला, जॅकेट चढवलं, पेले धुऊन पालथे घातले. तिघं एकत्रच बाहेर पडले. कोपऱ्यावर त्यानं वडिलांना वाकून निरोप दिला आणि बस स्टॉपकडे निघून गेला.

स्टेशनसमोर एक कॉफीचं दुकान होतं. श्यामकांत तिथे जाऊन बसले. "नंदू," ते म्हणाले, "आता सगळं सांग. काही गाळू नकोस."

"सर, कशाला?"

"तो मुलगा सहा मिनिटं बोलला. मी घड्याळ बघितलं."

नंदकिशोरनं बराच वेळ साखरेची पुडी बोटांत फिरवली. मग त्यानं सांगितलं.

मिसिसिपीतल्या एका गावात, एका पत्र्याच्या शेडमध्ये, रविवारी दुपारी केनला वाजवायला मिळालं. पंधराएक माणसं होती, सगळी काळी, बहुतेक वयस्क. त्यानं जीव ओतून वाजवलं. आयुष्यात इतकं चांगलं वाजवलं नव्हतं, असं म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मनापासून. मग ऐंशीच्या पुढची एक बाई त्याच्यापाशी आली. तिचा बाप हीच गाणी गायचा. तिनं त्याचा हात हातात घेतला, घरून आणलेला केक दिला, आणि विचारलं, पोरा, तू आमचं फार छान वाजवलंस, आता तुमच्याकडचं काहीतरी म्हण, तुझ्या आईचं, नाहीतर बापाचं. ती टोमणा मारत नव्हती, सर, हे त्यानं दोनदा सांगितलं. तिला खरंच ऐकायचं होतं.

"मग?"

"त्याला काही येत नव्हतं. तो म्हणाला, मी तिथे गिटार घेऊन उभा, सगळे वाट बघतायत, आणि मला एक गाणं येत नव्हतं. बापाच्या भाषेतला मला एक शब्द येत नाही. आणि आईची गाणी..."

"बोल."

"काकू हॉस्पिटलमध्ये होत्या ना, शेवटच्या दिवसांत. तुम्ही खाली काहीतरी आणायला गेला होतात. त्या त्याला म्हणाल्या, मी तुला लहानपणी म्हणायचे ते गाणं म्हण. त्याला दोन ओळी आल्या. पुढचं येईना. त्यानं मोबाइलवर शोधलं. तोवर काकूंचा डोळा लागला. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या."

कॉफी आली. दोघांनीही कपाला हात लावला नाही.

"अजून काय म्हणाला?"

"सर, पुरे ना."

"नंदू."

"तो म्हणाला, वडिलांनी मला दुसऱ्यांच्या घरात वाढवलं. घर फार सुंदर होतं. पण तिथल्या लोकांनी प्रेमानं विचारलं, तू कुठला, तेव्हा मला परत जायला घर नव्हतं. आणि म्हणाला, हे वडिलांना सांगू नका, त्यांना ह्या गाण्यांशिवाय दुसरं काही नाही. मग लगेच म्हणाला, नाही, सांगा." नंदकिशोरनं डोळे पुसले. "मला नाही जमलं, सर. सॉरी."

श्यामकांत उठले. नंदकिशोर "सर, जेवायला" म्हणत होता, त्याला त्यांनी हातानं थांब म्हटलं, आणि बस पकडून गोदामांच्या भागात गेले. रुंद रस्ते, एकामागे एक ट्रक, आणि खिडक्या नसलेल्या चार-पाच मजली इमारती, एकीसारखी दुसरी. तिसऱ्या फाटकावर त्यांना केनच्या जॅकेटवरची खूण दिसली. पहारेकऱ्यानं नम्रपणे विचारलं, काय काम आहे? मुलाला भेटायचंय, त्यांनी सांगितलं. काही तातडीचं आहे का? पहारेकऱ्यानं विचारलं. तातडीचं ह्या शब्दाशी श्यामकांत अडले. नाही, ते म्हणाले. मग आत सोडता येणार नाही, असं म्हणून त्यानं टोपी काढून माफी मागितली. ते तासभर फाटकासमोरच्या फूटपाथवर उभे राहिले. आतून पार्सलं वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यांचा घरघराट येत होता. मग ते स्टेशनवर परत आले.

सेंदाईला गेल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे आपल्या आईचं एखादं गाणं आठवून बघितलं. केनला फोन करावा आणि म्हणून दाखवावं, असं त्यांच्या मनात होतं. उशीर झालाय हे त्यांना कळत होतं, पण निदान एक तरी द्यावं. त्यांची आई गायची. दुपारी शिवण घेऊन बसली की गायची, हे नक्की. पण हॉस्टेलवरून सुट्टीत घरी आल्यावर, "काय रडकं गातेस गं," म्हणून ते आपल्या खोलीचं दार लावून घेत आणि कॅसेट लावत. तेही त्यांना आठवलं. गाणं आठवलं नाही. एक चाल सापडल्यासारखी वाटली, पण ती मिसिसिपीतली निघाली. पुण्याच्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "दादा, आता कुठलं आठवायला! आई जाऊन तीस वर्षं झाली."

ओनोदेरा-सानना त्यांनी सगळं सांगितलं, जमेल तसं. ओनोदेरा-सान चिडले. "कुणाचं गाणं कुणी वाजवायचं हे असं ठरतं का? मी मासे विकणाऱ्याचा मुलगा. मी काय माशांचं गाणं म्हणू?" मग थोड्या वेळानं शांत होऊन म्हणाले, "पण मला माझ्या आईचं गाणं येतं. कधी म्हणत नाही. येतं." त्यांनी गिटारची पेटी काउंटरमागे ठेवली होती, ती तिथेच राहिली. केन एक दिवस न्यायला येईल, असं ते प्रत्येक वेळी म्हणत. हळूहळू म्हणायचे थांबले.

मे महिन्यात श्यामकांतांनी जपानीच्या वर्गात नाव घातलं. नगरपालिकेच्या सभागृहात आठवड्यातून तीनदा फुकट वर्ग असत. बाकी सगळी व्हिएतनाम-नेपाळची विशीतली मुलंमुली होती, त्यांना परीक्षा द्यायची होती. तुम्हाला कशासाठी शिकायचंय, असं बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं. श्यामकांत म्हणाले, "मुलाशी बोलायला." बाईंना वाटलं, त्यांनी चुकून दुसराच शब्द वापरला. दीड वर्ष त्यांनी एकही वर्ग चुकवला नाही. सदुसष्टाव्या वर्षी शब्द राहत नव्हते. सकाळी पाठ केलेलं दुपारी जायचं. ते पुन्हा लिहायचे. रेकॉर्ड लावणं त्यांनी कधी बंद केलं हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. आधी अभ्यासात व्यत्यय येतो म्हणून लावली नाही, मग लावलीच नाही. एकदा सवयीनं एक काढून हातात घेतली, कागदावरचे शब्द वाचले, आणि ते शब्द केनच्या सहा वर्षांच्या आवाजात ऐकू यायला लागले तशी परत ठेवून दिली.

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये सायोकोच्या सातव्या वर्षाचा विधी होता, तिथे गेल्याचं वर्ष पहिलं धरतात. केन काळा सूट घालून सकाळच्या गाडीनं आला. मंदिरात भिक्षूंनी मंत्र म्हटले, सायोकोच्या बहिणीनं फुलं ठेवली, सगळ्यांनी उदबत्त्या लावल्या. थडग्यावरची पानं केननं झाडली, पाणी ओतलं. तो थोडा जाड झाला होता. चांगला दिसत होता. मावशीला त्यानं सांगितलं की गोदामात तो आता एका गटाचा प्रमुख झाला आहे, अठरा माणसं हाताखाली आहेत. हे सगळं श्यामकांतांना न अडखळता समजलं.

विधी झाल्यावर दोघं चालत स्टेशनकडे निघाले. वाटेत एका बाकावर श्यामकांत म्हणाले, "पाच मिनिटं बसू." आणि त्यांनी ते बोलायला सुरुवात केली. कित्येक महिने ते ही वाक्यं रचत होते. बाईंनी त्यातल्या क्रियापदांची रूपं तपासून दिली होती. माझं चुकलं, ते म्हणाले. तुला तुझ्या आईची गाणी ऐकू दिली नाहीत. माझी भाषा दिली नाही. मला जे आवडलं ते दिलं, आणि त्यात मी एकटा नव्हतो म्हणून मला बरं वाटलं. त्याची किंमत तुला पडली. मला माफ कर.

एकही चूक झाली नाही. त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

केननं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "जपानी फार सुधारली तुमची," तो म्हणाला. मग म्हणाला, "त्यात तुमचा काही दोष नाही. कृपया मनाला लावून घेऊ नका. माझं सगळं व्यवस्थित चाललं आहे."

जपानीत घरच्यांशी बोलायची भाषा वेगळी असते आणि बाहेरच्यांशी बोलायची वेगळी. क्रियापदाचं शेपूट बदलतं. लहानपणापासून केन त्यांच्याशी घरच्या भाषेत बोलत आला होता. त्यांना ती अर्धीच कळायची, पण ती घरची होती. आज त्यानं वापरली ती दुसरी. गोदामाच्या प्रमुखानं तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाशी वापरावी तशी, स्वच्छ, अदबशीर, एकही टोक न लागणारी. दीड वर्षापूर्वी श्यामकांतांना हा फरक ऐकू आला नसता. तेव्हा त्यांना फक्त एवढंच कळलं असतं की मुलगा म्हणतोय, दोष नाही, आणि ते त्यावर समाधानानं घरी गेले असते.

"पुढच्या महिन्यात येशील?" त्यांनी विचारलं.

"वर्षअखेरीचा सीझन आहे. पार्सलं खूप असतात. बघतो."

शिन्कान्सेनच्या फलाटावर दोघं रांगेत उभे राहिले. केननं मशीनमधून वडिलांसाठी गरम चहाचा कॅन आणून दिला. गाडी वेळेवर आली. चढण्याआधी केन कमरेतून वाकला, नीट, जितकं वाकायचं असतं तितकं. श्यामकांतही वाकले. ते सरळ झाले तेव्हा दारं बंद झाली होती आणि केन आत जाऊन आपली सीट शोधत होता.